निकाल ठाऊक असलेली नायिका

'रोमान्स' म्हटलं की होस्टेलमध्ये दोन प्रतिक्रिया येतात. काही जण हसतात आणि काही जण हातातलं पुस्तक हळूच उशीखाली सरकवतात. त्यात रोमान्स चिनी आणि वर कालप्रवासाचा म्हटल्यावर हसणाऱ्यांची संख्या वाढणारच. आपल्या मराठी विभागात दरवर्षी पुस्तकपरीक्षण येतं ते बहुधा ठरलेल्या पाच-सहा पुस्तकांचं. ती पुस्तकं थोर आहेत, वादच नाही. पण ज्या पुस्तकाला कोणी थोर म्हणत नाही आणि तरीही जे रात्री तीनपर्यंत जागवतं, ते नेमकं कशामुळे चालतं आणि कुठे अडतं, हेही एकदा नीट उघडून बघायला हरकत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले. चालणारं यंत्र दिसलं की स्क्रू काढून बघणं हा आपला धर्म.

तर यंत्राचं नाव 'बू बू जिंग शिन'. मराठीत सांगायचं तर 'पावलागणिक धडकी'. लेखिका तोंग हुआ. २००५ मध्ये जिनजियांग या चिनी साहित्याच्या संकेतस्थळावर ती प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली, पुढे पुस्तकरूपात छापली गेली. मी ती वाचली हौशी वाचकांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात, त्यामुळे भाषेच्या गोडीबद्दल मी फार बोलणार नाही. रचना मात्र भाषांतरातूनही दिसते.

चीनमध्ये या प्रकारच्या कथांना 'चुआनयुए' म्हणतात, म्हणजे आरपार जाणं. आजची व्यक्ती कुठल्यातरी अपघाताने जुन्या काळात जाऊन पडते. तिथे यंत्र नाही, समीकरण नाही, बटण नाही. या कादंबरीतली झांग शाओ ही शेनझेन शहरात ऑफिसात नोकरी करणारी पंचवीस वर्षांची साधी मुलगी. घरातला दिवा बदलताना ती पडते आणि डोळे उघडते ते थेट १७०४ सालात, तेरा वर्षांच्या रुओशी नावाच्या मांचू सरदारकन्येच्या शरीरात. रुओशीची थोरली बहीण सम्राट कांग्शीच्या आठव्या मुलाची दुय्यम पत्नी आहे, आणि रुओशी तिच्याकडेच राहते. म्हणजे आपली नायिका जाऊन पडली ती थेट राजपुत्रांच्या अंगणात. पुढच्याच वर्षी ती राजवाड्यात जाते आणि सम्राटाच्या चहाची व्यवस्था बघणारी दासी होते. चहा देता देता तिला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. लेखिकेने नोकरी फार हुशारीने निवडली आहे. राणी केली असती तर ती पडद्याआड गेली असती, आणि स्वयंपाकघरात टाकली असती तर तिच्या कानावर काहीच आलं नसतं.

मांचू घर निवडण्यातही सोय आहे. त्या काळी हान चिनी बायकांचे पाय लहानपणीच करकचून बांधत असत, मांचू बायकांचे नाही. त्यामुळे आपली नायिका धावू शकते, घोड्यावर बसू शकते, वेळ पडली तर मारामारीही करू शकते. आजची मुलगी त्या काळात वावरताना दाखवायची तर पाय मोकळे हवेतच.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कांग्शी १६६१ ते १७२२ अशी एकसष्ट वर्षं गादीवर होता. अधिकृत क्रमांक मिळालेले त्याचे मुलगेच चोवीस. मांचूंमध्ये थोरल्यालाच गादी असा पक्का नियम नव्हता. कांग्शीने तो आणायचा प्रयत्न केला, १६७५ मध्ये दुसऱ्या मुलाला तान्हा असतानाच युवराज केलं. ते काही निभलं नाही. १७०८ मध्ये त्याला काढलं, १७०९ मध्ये परत बसवलं, १७१२ मध्ये कायमचं काढलं. मग बाकीच्यांमध्ये जी लढाई जुंपली ती चिनी इतिहासात 'नऊ पुत्रांचा गादीसाठी झगडा' म्हणून प्रसिद्ध आहे. जिंकला चौथा, यिनझेन. तो १७२२ मध्ये योंगझेंग सम्राट झाला. आठवा, म्हणजे यिनसी, हा दरबाऱ्यांचा सर्वांत लाडका उमेदवार. तो आणि त्याचा साथीदार नववा, दोघेही १७२६ मध्ये कैदेत मेले.

हे वाचताना आपल्याला आपलं काहीतरी आठवतंच. रुओशी जेव्हा बीजिंगमध्ये डोळे उघडते त्या १७०४ सालात औरंगजेब इथे दख्खनमध्ये ताराबाईंच्या फौजांशी झुंजत होता. तीन वर्षांनी तो अहमदनगरजवळ (आजचं अहिल्यानगर) गेला आणि त्याच्या मुलांनी जाजाऊच्या रणांगणावर एकमेकांच्या गळ्याला तलवारी लावल्या. मोगलांचा निकाल काही महिन्यांत मैदानात लागला. मांचूंचा निकाल लागायला चौदा वर्षं लागली, आणि तो चहाचे पेले, भेटवस्तू, कानगोष्टी आणि बापाच्या कपाळावरच्या आठ्या यांतून लागला. कादंबरीला दुसरा प्रकार जास्त मानवतो. १७१४ मध्ये आठव्याने बापाला दोन बहिरी ससाणे भेट पाठवले. ते पोहोचले तेव्हा मरायला टेकलेले होते. म्हाताऱ्या सम्राटाने हा आपल्या मरणाचा इशारा मानला आणि आठव्याचं राजकारण जवळजवळ तिथेच संपलं. हे खरंखुरं घडलेलं. लेखिकेला अशा जागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

आता पहिली मोठी जमेची बाजू. ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपल्याला शेवट आधीच माहीत असतो. 'स्वामी' उघडतानाच आपल्याला ठाऊक असतं की माधवराव १७७२ मध्ये थेऊरला जाणार आहेत. पात्रांना ते ठाऊक नसतं. ते उद्याच्या मोहिमेचे बेत करतात आणि आपला जीव कासावीस होतो. 'बू बू जिंग शिन'मध्ये लेखिकेने एकच गोष्ट केली: वाचकाला उचलून पुस्तकाच्या आत नेऊन ठेवलं. रुओशी म्हणजे आपणच. समोर हसणारा, कवितेवर बोलणारा, बायकोच्या बहिणीला प्रेमाने वागवणारा आठवा राजपुत्र बसलाय, आणि हा कोणत्या साली कसा मरणार हे तिला माहीत आहे. सांगणार कुणाला? आणि काय म्हणून?

शिवाय तिला ठाऊक आहे ते किती? हाही भाग लेखिकेने नीट सांभाळलाय. झांग शाओ इतिहासाची प्राध्यापक नाही. तिचा इतिहास म्हणजे वाचलेल्या गोष्टी, बघितलेल्या मालिका. या झगड्यावर चीनमध्ये १९९९ मध्ये 'योंगझेंग राजवंश' ही अफाट गाजलेली मालिका येऊन गेली होती. आपल्यापैकी किती जणांना पेशव्यांचा इतिहास बखरींमधून माहीत आहे आणि किती जणांना मालिकांतून? तसंच तिचं. म्हणजे तिच्याकडे आन्सर की आहे, पण स्टेप्स नाहीत. कोण जिंकणार ते पक्कं ठाऊक, कसा जिंकणार ते धूसर. परीक्षेला बसलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, आणि इथे तर मार्कांऐवजी मुंडकं आहे.

या एका फरकावर कादंबरीचा सगळा मधला भाग उभा आहे. मंगोलांच्या गवताळ प्रदेशात सम्राटाची स्वारी शिकारीला जाते, तिथे रुओशी आणि आठवा एकमेकांच्या जवळ येतात. ती त्याला एकच गोष्ट मागते: गादीचा नाद सोड. तो सोडत नाही. कसा सोडेल? लहानपणापासून आईच्या हलक्या कुळावरून टोमणे खाल्लेला माणूस तो. ती नातं तोडते. पण तोडताना राहवत नाही म्हणून त्याला सावध करून जाते: चौथ्यापासून जपून राहा. आणि चौथ्याच्या बाजूने पुढे कोण कोण उभं राहील त्यांची नावंही सांगते.

इथून पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे. तोपर्यंत आठव्याच्या डोक्यात चौथा हा मुख्य शत्रू नव्हताच. चौथा आपला बुद्धाची सूत्रं वाचत, बागेत भाजी लावत, मला काही नको असं दाखवत बसलेला. रुओशीच्या इशाऱ्यामुळे आठव्याचा गट त्याच्यावर डाव रचतो. त्या डावात चौथा अडकतो, त्याचा जिवाभावाचा भाऊ तेरावा सगळा आळ स्वतःवर घेतो आणि दहा वर्षं नजरकैदेत जातो. हा तेरावा रुओशीचा या काळातला सर्वांत सख्खा मित्र, तिच्यासोबत दारू पिणारा, तिला बरोबरीची मानणारा एकमेव माणूस. आणि या डावाचा बदला म्हणूनच चौथा पुढे आठव्याचा सूड घेतो. म्हणजे ज्या अंताची तिला भीती होती तो टाळण्यासाठी ती बोलली, आणि बोलली म्हणून तो अंत आला. कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना हा फीडबॅक लगेच ओळखू येईल. ती बाहेरून सिस्टीमकडे बघतेय असं तिला वाटत होतं. ती लूपच्या आतच होती.

मला ही गोष्ट फार खरी वाटते, कालप्रवास सोडून. फर्स्ट इयरला आलेल्या पोराला सीनियर प्रेमाने सांगतात, 'अमक्या सरांपासून जपून राहा.' ते पोरगं पहिल्या दिवसापासून सरांसमोर असं काही दबकून, संशयाने वागतं की सरांचंही लक्ष त्याच्यावर बसतं. वर्षाअखेरीला सीनियर म्हणतात, 'बघ, म्हटलं नव्हतं?'

कालप्रवासाच्या इतर गोष्टींशी ताडून पाहिलं की या कादंबरीचं वेगळेपण उठून दिसतं. मार्क ट्वेनचा अमेरिकन गडी १८८९ च्या कादंबरीत राजा आर्थरच्या दरबारात जातो आणि तिथे कारखाने काढतो, तारा टाकतो. हाँगकाँगच्या हुआंग यी यांच्या 'शुन छिन जी'चा नायक तर प्रशिक्षित सैनिकच. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये प्राध्यापक गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोहोचतात जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. तिथे प्रश्न शास्त्रज्ञाचा आहे: एका गोळीची दिशा जराशी बदलली तर पुढचा इतिहास किती बदलेल? आणि त्याचं उत्तर शोधायला नारळीकर शास्त्राचा आधार घेतात. तोंग हुआला शास्त्राचं काही देणंघेणं नाही. दिवा बदलताना पडली, पोहोचली, संपलं. ज्यांना यंत्रणा हवी त्यांना हे खुपेल, आणि मलाही पहिली वीसेक पानं खुपलं. पण या पुस्तकाचा प्रश्नच निराळा आहे. इतिहास बदलेल का, हा नाही. जे बदलता येत नाही ते ठाऊक असताना रोजचा चहा कसा द्यायचा, हा आहे. रुओशी तिथे साबण तयार करत नाही, दारूगोळा सुधारत नाही. तिच्याकडे फक्त काही तारखा आहेत, आणि त्या वापरायला गेलं की हात भाजतो.

आता खटकणाऱ्या बाजूकडे वळतो, आणि सुरुवात एका लहान पण गमतीदार चुकीपासून करतो. पुढचा सम्राट कोण हे ठाऊक असल्यामुळे रुओशी सुरुवातीलाच चौथ्याच्या आवडीनिवडी गुपचूप काढायला जाते. हेतू प्रेमाचा नाही, जीव वाचवण्याचा. उद्या या माणसाच्या हाती सत्ता येणार, तेव्हा त्याला नावडतं काही आपल्या हातून घडू नये. बातमी चौथ्यापर्यंत पोहोचते आणि पुढे एकदा तो स्वतःच तिच्यासमोर उभा राहून एकेका प्रश्नाचं उत्तर देतो: आवडता चहा, आवडता रंग, आवडतं फूल, आवडती हवा. प्रसंग झकास आहे. थंड म्हणून नावाजलेला माणूस पहिल्यांदा थोडा खेळकर दिसतो. पण आवडता चहा म्हणून तो जे नाव घेतो, ते आहे थाईफिंग होउखुई, आन्हुई प्रांतातला प्रसिद्ध हिरवा चहा. हा चहा नावारूपाला आला तो १९०० च्या सुमाराला! योंगझेंग जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाल्यावर. म्हणजे नायिकेच्या आधी तिचा चहाच कालप्रवास करून आला म्हणायचा. आणि चहा हेच जिचं काम, तिच्याही हे लक्षात येत नाही.

चहाची चूक सोडून देता येते. पण याच प्रसंगात मोठी अडचण लपलेली आहे, आणि माझ्या मते संपूर्ण कादंबरीची कसोटी तिथेच लागते. रुओशी आठव्याला सोडते कारण तो हरणार. चौथ्याकडे तिचं लक्ष प्रथम वळतं कारण तो जिंकणार. मग त्याच्यावर ती प्रेम करते असं लेखिका सांगते तेव्हा आपण ते किती मानायचं? बाजारात कोणता शेअर वर जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाने तोच शेअर विकत घेतला आणि वर म्हणाला, मला ही कंपनी मनापासून आवडते, तर आपण काय म्हणू?

लेखिकेला ही अडचण कळलेली आहे, हे मान्य करायला हवं. चौथ्याचं प्रेम तिने सुखाच्या दिवसांत घडू दिलेलं नाही. तेराव्याला कैद झाल्यावर त्याच्यावर जीव लावणारी एक कलावंतीण त्याच्या सेवेला जाऊ इच्छिते. तिच्यासाठी रुओशी सम्राटासमोर दाद मागत दिवसेंदिवस गुडघ्यांवर बसून राहते. धो धो पाऊस. चौथा स्वतः संकटात, तोंड उघडायची सोय नाही. तो येतो आणि काही न बोलता तिच्यासोबत भिजत राहतो. इथे तो जिंकणारा वाटत नाही, आणि तीही काही हिशेब मांडताना दिसत नाही. पुढे सम्राट तिला चौदाव्या राजपुत्राला द्यायचं ठरवतो, ती नकार देते, फटके खाते आणि कित्येक वर्षं वाड्याच्या धोबीखान्यात कपडे धूत काढते. भविष्य माहीत असण्याचा हा फायदा म्हणायचा तर महागच पडला.

तरीही माझी शंका पूर्ण जात नाही. कारण धोबीखान्यात कपडे धुतानाही तिला माहीत आहे की १७२२ साल येणार आहे. बाकीच्या दासींना ते माहीत नाही. आशा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखिका त्यांच्यातली रेघ कधीकधी मुद्दाम पुसट करते, आणि आपणही रडत असल्यामुळे विचारत नाही.

दुसरी तक्रार थोडक्यात. बहुतेक राजपुत्र तिच्या प्रेमात किंवा निदान तिच्या बाजूचे. दहावा भाबडेपणाने, आठवा मनापासून, चौथा खोलवर, चौदावा मुकाट्याने. असं का, याचं कारण पुस्तक देतं की ती वेगळी आहे, बरोबरीने बोलते, भांडते. ठीक आहे. पण इतकी माणसं एकाच कारणाने वेडी होतात तेव्हा माणसं कमी आणि साचा जास्त दिसतो. हा या साहित्यप्रकाराचाच रोग आहे आणि ही कादंबरीही त्यातून सुटलेली नाही. आणखी एक गोष्ट अंगावर येते. मन पंचवीस वर्षांचं असलं तरी शरीर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं आहे, आणि सुरुवातीची मनं गुंतणं याच वयात सुरू होतं. त्या काळी असंच होतं हे खरं. पण कथा सांगणारी आजची बाई आहे, आणि तिला यात काहीच वावगं वाटत नाही, हे मला पटलं नाही.

तिसरी तक्रार भिंतींची. कथा राजवाडा, वाडे, बागा आणि शिकारीचे तंबू यांच्याबाहेर क्वचितच जाते. याच वर्षांत दाई मिंगशी नावाच्या विद्वानाला त्याच्या लिखाणात आधीच्या मिंग राजवंशाचा उल्लेख निष्ठेने आल्याच्या कारणावरून पकडलं आणि १७१३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. हुकूम कांग्शीचा, म्हणजे ज्याच्या पेल्यात आपली नायिका रोज चहा ओतते त्याचा. तिला तो आजोबांसारखा वाटतो. एकविसाव्या शतकातल्या, शिकल्यासवरल्या मुलीला या सगळ्याचं काही वाटायला नको होतं का? पहिल्या भागात ती माणसं सगळी सारखी असं म्हणते, गुडघे टेकायला कुरकुरते. नंतर ते आजचं मन हळूहळू विरून जातं आणि उरते ती फक्त तारखांची यादी. तिचं वाड्यात मुरत जाणं लेखिकेने मुद्दाम दाखवलंय असं काही वाचक म्हणतात. अर्धं मान्य. मुरणं दाखवायचं तर ते तिला स्वतःला कुठेतरी टोचलेलं दिसायला हवं. तसं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

जिथे टोचतं ते शेवटच्या भागात, आणि तो भाग माझ्या मते सर्वांत चांगला आहे. चौथा सम्राट होतो. गोष्ट इथे संपली असती तर ती सरळ परीकथा झाली असती. गादी त्याला रीतसर मिळाली की त्याने बळकावली, हा वाद चीनमध्ये आजही संपलेला नाही. एक दंतकथा अशी की मृत्युपत्रात 'चौदाव्या पुत्राला' असं होतं, त्यातल्या 'दहा' या अधिकसारख्या दिसणाऱ्या चिन्हाला वर एक रेघ आणि खाली एक आकडी जोडून त्याचं 'ला' केलं, आणि वाक्य झालं 'चौथ्या पुत्राला'. ऐकायला छान. पण इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. त्या काळच्या कागदांत आकड्याच्या आधी 'सम्राटाचा' हा शब्द येतो, त्यामुळे अशी खाडाखोड केली तर वाक्याचा अर्थच लागत नाही. शिवाय तेव्हा दरबारी लिखाणात 'ला'साठी वेगळं, अधिक गुंतागुंतीचं अक्षर वापरायचे. आणि मांचू भाषेतली प्रत राहतेच, ती कशी बदलणार? योंगझेंगने स्वतः मात्र या सगळ्या घोळातून धडा घेतला. १७२३ मध्ये त्याने पद्धत पाडली की वारसाचं नाव कागदावर लिहून पेटीत बंद करायचं आणि ती पेटी दरबारातल्या मोठ्या फलकामागे ठेवायची. बाप मेल्यावरच उघडायची. मुलांच्या डोळ्यांसमोर उमेदवारच नको.

गादी मिळाल्यावरच्या योंगझेंगने भावांना नावातलं पहिलं अक्षर बदलायला लावलं, कारण ते सम्राटाच्या नावात होतं. चौदावा, त्याचा सख्खा भाऊ, बापाच्या समाधीची राखण करायला पाठवला गेला. कादंबरीत याच हातांनी रुओशीच्या जिवलग मैत्रिणीचा, हेरगिरीच्या आरोपाखाली, अत्यंत क्रूर अंत होतो. ज्याच्यासोबत ती पावसात भिजली, ज्याच्यासाठी कपडे धुतले, तोच हा. आणि इथे तिच्याकडे कसलीच सबब नाही. तिला हे सगळं ठाऊक होतं! आठव्याचं काय होणार, नवव्याचं काय होणार, हुकूम कोणाच्या सहीने निघणार. इतिहासात ते एका ओळीत वाचताना तिला 'योंगझेंग कठोर होता' एवढंच वाटलं असणार. आता त्या ओळीत तिच्या ओळखीची माणसं आहेत. माहिती असणं आणि सोसणं यांतलं अंतर दाखवायला लेखिकेला शेकडो पानं लागली, पण इथे ती पानं वसूल होतात.

ती वाड्यातून बाहेर पडते ती चौदाव्याच्या मदतीने, नावापुरतं त्याच्याशी लग्न करून. आजारी असते. शेवटी एकदा भेटावं म्हणून ती सम्राटाला पत्र लिहिते. आता तिचं अक्षर हुबेहूब त्याच्यासारखं आहे, कारण वर्षानुवर्षं तिने त्याचंच अक्षर गिरवलेलं. पाकिटावर सम्राटाचं अक्षर दिसलं तर पाळतीवरची माणसं बोलतील म्हणून चौदावा भल्या हेतूने ते दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हाताने नाव लिहितो. सम्राटाला वाटतं भावाने पुन्हा काहीतरी डिवचणारं पाठवलंय. तो पत्र उघडतच नाही. ती वाट बघत जाते.

हा शेवट नाटकी आहे असं म्हणणारे आहेत. योगायोगाने पत्र न पोहोचणं ही तर आपल्या जुन्या सिनेमांचीही सवय. पण मला तो चपखल वाटला. मोठ्या घडामोडींच्या सगळ्या तारखा जिला पाठ, तिला स्वतःचं एक पत्र पोहोचेल की नाही एवढंच ठाऊक नव्हतं. ते इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

कादंबरीवर २०११ मध्ये चिनी मालिका आली, पस्तीस भागांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनच्या दूरचित्रवाणी खात्याने कालप्रवासाच्या मालिका इतिहासाची चेष्टा करतात म्हणून नाराजी दाखवली होती, आणि सप्टेंबरमध्ये ही मालिका येऊन गाजली. मालिकेत रुओशीचं काम करणारी लिऊ शिशी आणि चौथ्याचं काम करणारा निकी वू यांनी २०१५ मध्ये खरोखरचं लग्न केलं, म्हणजे तेवढा एक इतिहास बदलला म्हणायचा. मालिकेने शेवटी नायिकेला आजच्या काळात परत आणलं. कादंबरीत परतीचं दार नाही, आणि ते नसणंच बरं. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिली असेल ती २०१६ ची कोरियन आवृत्ती, 'मून लव्हर्स'. तिथे कथा दहाव्या शतकातल्या कोर्यो राजवटीत नेली आहे. गाणी सुंदर, माणसं देखणी. पण त्या नायिकेला कोणता राजपुत्र पुढे राजा होणार हे बराच काळ माहीतच नसतं. म्हणजे गाडीला रंग छान दिला आणि इंजिन उतरवून ठेवलं. ज्यांनी फक्त ती पाहिली आहे त्यांनी मूळ कादंबरी जरूर वाचावी.

वाचताना पहिली अडचण नावांची येईल. पुस्तकात राजपुत्रांना बहुतेक क्रमांकानेच हाक मारतात, आपल्याकडे रूम नंबरने मारतात तशी. तरी घोळ होतोच. मी दोन पानी तक्ता काढलाय: कोण कोणाचा सख्खा, कोण कोणाच्या गटात, कोणाची आई कोण. मागेल त्याला देईन. मृत्यूची सालं शेवटच्या रकान्यात आहेत, तेवढा रकाना दुमडून ठेवा.